बेकरीतला फायरमन आणि आईची फोडणी

साखरआंबा | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहायला निमित्त मिळालंय.

आम्ही इंग्लंडच्या श्रॉपशायरमधल्या एका लहानशा गावात राहतो. गाव म्हणजे एक उतरता रस्ता, दोन पब, एक चर्च, एक बेकरी, आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. इथे येऊन तीन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. शनिवारी सकाळी बेकरीच्या रांगेत उभी होते. पाववाला कुणाचे तरी स्कोन्स पिशवीत भरत होता. तेवढ्यात त्याच्या कमरेला काहीतरी किंचाळलं. त्याने पिठाचे हात ॲप्रनला पुसले, ॲप्रन काढून काउंटरवर टाकला, "सॉरी" म्हणाला आणि मागच्या दाराने चक्क पळत सुटला. मला वाटलं याच्या घरी काहीतरी झालं. रांग मात्र तशीच उभी. पुढच्या म्हाताऱ्या बाई शांतपणे काउंटरच्या आत गेल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "कोण आहे पुढे?" चार-पाच मिनिटांनी रस्त्यावरून निळे दिवे लावून बंब गेला. स्टिअरिंगवर आमच्या शाळेचा केअरटेकर आणि मागच्या खिडकीत पाववाला, हेल्मेटचा पट्टा आवळताना. एक जण म्हणाला, "चला, आज चौघं जमले."

म्हणजे गावात फायर स्टेशन आहे, पण तिथे एरवी कुणीच नसतं. सगळे आपापल्या कामावर.

आता आईची गोष्ट. सप्टेंबरात आई सांगलीहून आली. आली तशी तिसऱ्या दिवशी तिने आमटीला फोडणी दिली आणि जिन्यातला स्मोक अलार्म बोंबलायला लागला. रोज तेच. आधी टॉवेलने वारा घातला, मग खिडक्या उघडल्या, मग (इथे मला शिव्या घालायला हरकत नाही) अलार्मला शॉवर कॅप घातली. शेजारणीने ती पाहिली आणि काही न बोलता फायर सर्व्हिसचा फॉर्म भरायला लावला.

आठवड्याने दोघं आले. पैसे वगैरे काही नाही. त्यातला एक आमचा पाववाला, गणवेशात! मला ओळखून म्हणाला, "ब्राउन लोफ, स्लाइस केलेला." शॉवर कॅपकडे बघून हसला, म्हणजे त्याने ती पहिल्यांदा पाहिलेली नसावी. सांगितलं, की स्वयंपाकघरात धुराचा नाही, उष्णतेचा अलार्म लावतात, तो फोडणीला भीक घालत नाही. जिन्यातला जुना काढून त्यांनी धुराचाच नवीन बसवला, दहा वर्षं चालणाऱ्या बॅटरीचा. मग घरभर फिरले. "रात्री दाराची किल्ली कुठे असते?" असं विचारलं. मी म्हटलं, पर्समध्ये. "आणि पर्स?" तीन ठिकाणी शोधली तेव्हा सापडली. काही न बोलता त्याने दाराशेजारी भिंतीत एक हूक ठोकला.

कपाटातल्या देवघरापाशी आल्यावर मी जरा घाबरले होते. म्हटलं आता हे दिवा बंद करायला सांगणार. पण तसं काही नाही. वर हात धरून बघितलं, फळी किती तापते ते. "वरच्या फळीवरचे कागद हलवा, समई पितळी ताटात ठेवा, आणि खोलीतून जाताना एकदा बघून जा" एवढंच. आईने चहा केला, तो आल्याचा चहा दोघंही प्यायले.

ते गेल्यावर आई म्हणाली, "अगं, आपल्याकडे बंब दारात येणं म्हणजे कुणाचं तरी वाटोळं झालेलं असतं. आणि हे चहा पिऊन गेले."

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. ब्रिटनमध्ये इतरत्र राहणाऱ्यांचा अनुभव काय? हे फक्त खेड्यातलं कौतुक आहे का?

*

फोडणीचाभात | रात्री ९:५८

शॉवर कॅप!!! आमच्याकडे प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड होता. आता लाज वाटते. उद्याच काढते.

*

उत्तरध्रुव | रात्री १०:३१

या धाग्यासाठी लॉगिन केलंच. मी स्कॉटलंडच्या उत्तरेला राहतो, घरून सॉफ्टवेअरचं काम करतो आणि कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मिळाल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ऑन-कॉल फायरफायटर आहे. आमच्या गावातला एकमेव मराठी आणि अग्निशमन ठाण्यातला एकमेव शाकाहारी.

साखरआंबा, तुमचा पाववाला जे करतो त्याला जुने लोक 'रिटेन्ड' म्हणतात. फुकट काम नसतं, वर्षाचं ठरावीक मानधन आणि वर्दीला, म्हणजे बोलावणं आल्यावर, गेलं की त्या वर्दीचे वेगळे पैसे. पण त्यावर कुणी घर चालवत नाही. अट एकच. पेजर वाजला की पाचेक मिनिटांत ठाण्यावर पोचता येईल इतक्या अंतरात राहायचं आणि कामही तिथेच करायचं. शहरांत पूर्णवेळ दल असतं. तिथे रेड, व्हाइट, ब्लू, ग्रीन असे चार 'वॉच', म्हणजे पाळीच्या तुकड्या, दोन दिवसपाळ्या, दोन रात्रपाळ्या, मग चार दिवस सुट्टी. पण ब्रिटनच्या भूभागाचा जवळजवळ ९० टक्के भाग आमच्यासारख्यांच्या भरवशावर असतो. आमच्या ठाण्यात एक प्लंबर, पबचा मालक, शाळेतली मदतनीस, दोन शेतकरी आणि मी.

लोकांना वाटतं आम्ही आगी विझवतो. माझी पहिली वर्दी हॉटेलातला अलार्म होता, जळलेल्या टोस्टमुळे. आग म्हणावी अशी पहिली दिसली ती सातव्या वर्दीला, आणि ती कचऱ्याच्या डब्याची होती. आकडेसुद्धा तेच सांगतात. इंग्लंडमध्ये दलाला येणाऱ्या वर्द्यांपैकी खऱ्या आगी पावभागापेक्षा थोड्या जास्त, खोट्या अलार्मची संख्या त्याहून मोठी, ४० टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यात अपघात, पूर, लिफ्टमध्ये अडकलेले, कुंपणात शिंग अडकलेली जनावरं. खोट्या अलार्मना कंटाळून स्कॉटलंडने २०२३च्या जुलैपासून दुकानं-कचेऱ्यांचा आपोआप वाजणारा अलार्म असेल तर आधी कुणीतरी आग असल्याचं कळवा, मगच येऊ, असा नियम केला. दवाखाने आणि जिथे लोक झोपतात त्या जागा सोडून.

दुसरी वर्दी मात्र विसरणार नाही. एक आजोबा न्हाणीघरात पडले होते आणि दाराला आतून पाठ लावून बसले होते. ॲम्ब्युलन्स लांबच्या गावाहून येत होती, तिला वेळ लागणार होता. अशा वेळी दार उघडायला आम्हाला बोलावतात. प्लंबरने बिजागऱ्या काढल्या, दार तसंच अलगद उचलून बाजूला घेतलं. आजोबा पाच तास गार फरशीवर होते. पबचा मालक त्यांना ओळखत होता. त्याने हात धरला आणि पाऊण तास फुटबॉलवर बोलत बसला. आजोबांचा संघ आदल्या रात्री हरला होता, पण हा पठ्ठ्या सांगत होता की बरोबरीत सुटला. कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत हे.

*

खवचटकाका | रात्री ११:१२

म्हणजे बेकरीवाला आग विझवतो आणि सॉफ्टवेअरवाला बिजागऱ्या काढतो. सरकार पगार वाचवतं आणि तुम्ही त्याला समाज म्हणता. हलके घ्या, पण प्रश्न खरा आहे. भर दुपारी पाववाला दुसऱ्या गावी पीठ आणायला गेला असेल तर काय करता?

*

उत्तरध्रुव | रात्री ११:२०

काका, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ठाण्यावर किमान चौघं जमले नाहीत तर बंब बाहेर पडत नाही. त्याला 'ऑफ द रन' म्हणतात. मग पुढच्या ठाण्याचा बंब येतो, पंधरा-वीस मैलांवरून. दिवसा तर हे नेहमीचं. तरुण पोरं नोकरीला शहरात जातात, घरं सुट्टीवाल्यांनी विकत घेतलेली, आणि मालक म्हणतो, "तू महिन्यातून चार वेळा उठून गेलास तर माझं दुकान कोण बघणार?" साखरआंबांच्या रांगेत "आज चौघं जमले" असं म्हणणारा माणूस विनोद करत नव्हता.

*

जुनीपोथी | रविवार, सकाळी ७:४५

सुताराला आणि प्लंबरला बंबावर घेणं हे पैसे वाचवायला सुरू झालं नाही, काका. ते मूळचंच आहे.

लंडन १६६६ साली जळालं ते सगळ्यांना माहीत आहे, पुडिंग लेनमधल्या बेकरीत सुरुवात झाली होती. (साखरआंबा, तुमच्या पाववाल्याला सांगा.) त्यानंतर आगविम्याच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांनी आपापली दलं ठेवली. ज्याने विमा काढला त्याच्या भिंतीवर कंपनीची शिशाची पट्टी ठोकायची. पट्टी नसेल तर बंबवाले हात बांधून तमाशा बघायचे, अशी कथा सगळीकडे सांगतात, पण तिला इतिहासात फारसा आधार नाही. शेजारचं घर जळू दिलं तर आपलं विमा उतरवलेलं घर वाचत नाही, एवढं कंपनीलाही कळत होतं.

नगरपालिकेच्या पैशांवर चालणारं पहिलं दल १८२४ साली एडिंबराला उभं राहिलं, जेम्स ब्रेडवुडच्या हाताखाली. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्याने माणसं निवडली ती छपरांवर पाट्या बसवणारे, सुतार, गवंडी, लोहार, नळवाले. छपरावरून अंधारात चालायची सवय कुणाला? तुळई कुठे तुटेल हे कुणाला कळतं? ज्याने ती बसवली त्याला. दल उभं राहून काही आठवडे होतात न होतात तोच एडिंबराची मोठी आग लागली. पुढे तो लंडनला गेला आणि १८६१च्या जूनमध्ये टूली स्ट्रीटच्या गोदामांच्या आगीत भिंत कोसळून गेला. त्याची अंत्ययात्रा मैलभराहून लांब होती. त्यानंतरच विमा कंपन्यांनी हात टेकले आणि १८६६ पासून लंडनची आग ही सरकारी जबाबदारी झाली.

९९९ ची, म्हणजे ब्रिटनमधल्या आणीबाणीच्या फोन नंबरची गोष्टही अशीच आगीतून आलेली. १९३५च्या नोव्हेंबरात लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली, पाच बायका गेल्या. समोरच्या घरातला माणूस फोन करत होता, पण टेलिफोन एक्स्चेंजने त्याला इतरांसारखं रांगेत धरून ठेवलं. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ला लंडनमध्ये ९९९ सुरू झालं. नऊच का? तेव्हाच्या गोल तबकडीवर धुरात, अंधारात बोटाने चाचपून सापडेल अशी ती जागा होती. आणि एक-एक-एक ठेवलं असतं तर वाऱ्याने तारा एकमेकींवर आपटल्या तरी तो नंबर लागून बंब निघाला असता.

*

निवृत्तबंब | सकाळी ८:३०

मी पुण्यातून लिहितो. अग्निशमन दलात एकतीस वर्षं काढली, फायरमन म्हणून लागलो, तांडेल होऊन निवृत्त झालो.

जुनीपोथी, तुमच्या सुतारांवरून एक आठवलं. ब्रेडवुडनंतर लंडनच्या दलाचा प्रमुख झालेला कॅप्टन शॉ फक्त खलाशी भरती करायचा. शिडावर चढणारा माणूस शिडीला घाबरत नाही आणि हुकूम ऐकायची सवय असते म्हणून. आता आमच्या हुद्द्याचं नाव बघा. तांडेल! कोळ्यांच्या होडीवरचा म्होरक्या. निवृत्त होईपर्यंत खांद्यावर ते नाव घेऊन फिरलो आणि समुद्र पाहिला तो फक्त गणपतीपुळ्याला.

उत्तरध्रुव, वर्दी हा शब्द तिकडे बसून वापरलात, बरं वाटलं.

आमच्याकडे १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन बोट फुटली, कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात भरलेली. आग विझवायला चढलेले ६६ जवान गेले. सप्ताहात शाळेत जायचो, पोरांना होज धरू द्यायचो, ब्रांचमधून, म्हणजे होजच्या तोंडातून, पाणी उडालं की पोरं खूश. पण कुणाच्या घरी जाऊन "किल्ली कुठे ठेवता" असं मी एकतीस वर्षांत विचारलं नाही. आम्हाला कुणी पाठवलंच नाही. घरात शिरलो ते दार फोडूनच.

*

जुनीपोथी | सकाळी ८:५२

निवृत्तबंब काका, तिकडेही हे अलीकडचं आहे. १९४७च्या कायद्यात एवढंच होतं की कुणी मागितला तर सल्ला द्या. मर्सीसाइडसारख्या दलांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस घरोघरी जाऊन अलार्म लावायला सुरुवात केली आणि २००४च्या कायद्याने आग लागू नये म्हणून काम करणं ही दलाची बंधनकारक जबाबदारी ठरवली. १९८०च्या सुमारास ब्रिटनमध्ये आगीत वर्षाला हजाराच्या आसपास माणसं मरत. आता साधारण ३००. सगळं श्रेय बंबवाल्यांचं नाही. सिगारेटी कमी झाल्या, आणि १९७९ साली मँचेस्टरच्या एका मोठ्या दुकानात सोफ्यांच्या फोमने पेट घेऊन दहा जण गेल्यावर फर्निचरचे नियम १९८८ साली बदलले. ते नियम व्हावेत म्हणून भांडणाऱ्यांत मात्र बंबवाले होते.

*

वेम्ब्लीआजी | सकाळी १०:१५

मी १९७१ पासून इथे आहे, नातीने हे पान उघडून दिलं. टायपिंग हळू आहे.

१९७७च्या नोव्हेंबरात फायरमन संपावर गेले होते. नऊ आठवडे. पगार इतका कमी की काही जण दुसरी नोकरी करत. ठाण्याबाहेर लोखंडी पिंपात लाकडं पेटवून शेकत उभे असत. आग विझवणारे आगीपाशी, तेव्हाही लोक यावर हसत. सैन्याचे हिरवे जुनाट बंब फिरत, ग्रीन गॉडेस म्हणायचे त्यांना, चालीला बैलगाडी. आमच्या गल्लीतल्या बायका सूप, सँडविच घेऊन संपवाल्यांकडे जायच्या. मी एकदा बटाटेवडे नेले. एकाने विचारलं हा केक आहे का. खाल्ल्यावर डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, मिरचीने.

दुसरं. ऐंशी-एक्याऐंशी साली पुऱ्या तळताना कढई पेटली. मी पाणी ओतणार तेवढ्यात शेजारच्या आयरिश बाईने हात धरला, गॅस बंद केला, ओला टॉवेल पिळून वर टाकला आणि मला ओढत बाहेर काढलं. तिचा नवरा फायरमन. त्याने नंतर अंगणात करून दाखवलं, पेटत्या तेलात लांबून कपभर पाणी. ज्वाळा पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेली. अजून तळणीला बसले की ती दिसते. आता म्हणे ओला टॉवेलही टाकू नका म्हणतात, गॅस जमला तर बंद करा आणि सरळ बाहेर पडून फोन करा.

*

लेस्टरकर | सकाळी ११:०३

आजी, __/\__

आमच्याकडे बेलग्रेव्ह रोडला दिवाळीत हजारोंनी माणूस जमतं. फायर सर्व्हिसचा एक तरी तंबू असतोच, मुलांना बंबात बसवतात. दिवाळी आणि ५ नोव्हेंबरची बॉनफायर नाइट (गाय फॉक्स आणि साथीदारांचा पार्लमेंट उडवायचा कट फसला त्याची आठवण) मागेपुढे येतात, त्यामुळे त्यांचा हंगाम आपल्याबरोबरच. फटाक्यांचा कायदा गमतीशीर आहे. एरवी रात्री ११ नंतर बंदी, ५ नोव्हेंबरला १२ पर्यंत, आणि दिवाळीला चक्क १ पर्यंत. गाय फॉक्सपेक्षा लक्ष्मीला एक तास जास्त.

पूर्वी त्यांची पत्रकं 'सैल कपडे टाळा' छापाची असायची. मग आमच्यातल्याच कुणीतरी जाऊन सांगितलं, की बाबांनो, पदर आणि ओढणी म्हणा, तरच बायकांना कळेल. एका वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांची बाई आली आणि पणती जमिनीवर ठेवून ओढणी कशी खोचायची हे स्वतः ओढणी घेऊन दाखवलं. तिच्याकडून ती नीट खोचली गेली नाही, सगळ्या हसल्या, पण सगळ्यांनी बघितलं.

*

टेम्सकाठचा | दुपारी १:२६

सगळं गोडगोड चाललंय म्हणून जरा खारट लिहितो.

मी पश्चिम लंडनमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो. लिफ्टशेजारी फळा आहे, आग लागली तर काय करायचं त्याचा. २०१७ पूर्वी त्यावर लिहिलं होतं, आग तुमच्या घरात नसेल तर घरातच थांबा. भिंती काँक्रीटच्या, दारं आग अडवणारी, त्यामुळे आग एका घरातच राहते, हे त्यामागचं गणित. १४ जून २०१७ला ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजने पेट घेतला. स्वयंपाकघरातली आग जवानांनी विझवली, पण तोवर ती खिडकीतून बाहेरच्या आवरणाला लागली होती. ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक. चोवीस मजली इमारत मशालीसारखी पेटली. 'थांबा' हा सल्ला मागे घ्यायला जवळजवळ दोन तास लागले. ७२ माणसं गेली.

चौकशीच्या २०१९च्या अहवालाने लंडन फायर ब्रिगेडला धारेवर धरलं. जवानांच्या धैर्यावर कुणी बोट ठेवलं नाही, पण वरिष्ठांनी अशा आगीची तयारीच केली नव्हती, असं स्पष्ट म्हटलं. २०२४च्या अहवालाने मुख्य दोष आवरण बनवणाऱ्या कंपन्या आणि इतकी वर्षं डोळेझाक करणारी सरकारं यांच्यावर ठेवला, तिथेही ब्रिगेड सुटली नाही.

त्यानंतर दर महिन्याच्या १४ तारखेला तिथले लोक मूकपणे चालत. मी दोनदा गेलो. रस्त्याच्या कडेला फायरमन हेल्मेट काढून ओळीने उभे होते. आपली माणसं गमावलेली एक बाई रांग सोडून एकाच्या गळ्यात पडली. दोघंही काही बोलले नाहीत. राग होता, तो त्या साहेबांवर आणि कंपन्यांवर होता. शिड्या चढून गेलेल्या पोरांवर नव्हता. इतका नेमका राग मी कुठल्याच गर्दीत पाहिला नाही.

*

मुग्धा_बर्मिंगहॅम | दुपारी २:१०

आणखी एक खारट. २०२२च्या नोव्हेंबरात लंडन ब्रिगेडच्या कार्यसंस्कृतीचा स्वतंत्र अहवाल आला, माजी सरकारी वकील नझीर अफझल यांनी केलेला. त्यात ही संस्था स्त्रीद्वेष आणि वर्णद्वेषाने आतून पोखरलेली आहे असं म्हटलंय. एका तरुण जवानाच्या आत्महत्येनंतर ही चौकशी लागली होती. लंडनमध्ये पहिली बाई भरती झाली ती १९८२ला, आणि ब्रिगेडची प्रमुख बाई व्हायला २०१७ उजाडलं. दारात येऊन हसून किल्लीचा हूक ठोकणारा माणूस ठाण्यातल्या स्वयंपाकघरात कसा वागतो, हे आपल्याला दिसत नाही.

उत्तरध्रुव, तुमचा अनुभव काय? नाही सांगितलंत तरी चालेल.

*

उत्तरध्रुव | दुपारी ३:४४

सांगतो. पहिल्या सहा महिन्यांत टोमणे झाले, नावावरून, डब्यावरून. एकदा मी सरळ म्हटलं की हे मला आवडत नाही. दोन जण गप्प झाले, तिसरा अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतो. पण धुरात शिरताना तो माझ्या मागे असतो, त्याचा हात माझ्या खांद्यावर असतो, आणि तिथे मी त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. तसंही डोळे उघडे ठेवून काही दिसत नाहीच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मला त्यांची बेरीज करता येत नाही.

ठाण्यात मुलगी एकच आहे, शाळेतली मदतनीस. तिच्या मापाचा गणवेश यायला वेळ लागला, तोवर बाह्या दुमडून आली.

*

फोडणीचाभात | दुपारी ४:०५

जुलै २०२२ची ती ४० अंशांची दुपार कुणाला आठवते का? आम्ही पूर्व लंडनच्या टोकाला होतो. वेनिंग्टनला गवत पेटलं आणि घरंच्या घरं गेली. त्या दिवशी लंडन ब्रिगेडला दुसऱ्या महायुद्धानंतरचा सगळ्यात व्यस्त दिवस होता म्हणे. एरवी साडेतीनशेच्या आसपास फोन येतात, त्या दिवशी २६०० आले. कुठे थांबलेला बंब दिसला की लोक पाण्याच्या बाटल्या नेऊन देत होते.

आणि हो, पिशवी काढली अलार्मवरची. वांगी भाजली. वाजला. पुन्हा लावणार नाही, शपथ. फॉर्म भरलाय.

*

खवचटकाका | संध्याकाळी ६:३०

वाचलं सगळं. माझा मुद्दा तसाच आहे, चौघं जमण्यावर गावाचा जीव टांगून ठेवणं मला पटत नाही. पण उत्तरध्रुव यांच्या पबवाल्याला माझ्यातर्फे एक पेय पाजा. सामना बरोबरीत सुटला होता, मी पाहिला होता.

(निवृत्तबंब काका, आमच्या सोसायटीतलं आग विझवायचं नळकांडं तीन वर्षांपूर्वी कालबाह्य झालंय. कुणाला सांगू?)

*

निवृत्तबंब | संध्याकाळी ६:४८

सेक्रेटरीला सांगा, लेखी. आणि आधी ते नळकांडं जिन्यातल्या सायकलींच्या मागून बाहेर काढा. तिथेच असणार.

*

साखरआंबा | पुढचा शनिवार, दुपारी १२:२०

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. जुनीपोथी, पुडिंग लेनचं पाववाल्याला सांगितलं. म्हणाला, "म्हणूनच तर मी भरती झालो, जुनं कर्ज आहे."

आजची बातमी. सकाळी रांगेत माझा दुसरा नंबर होता. पेजर वाजला. ॲप्रन काउंटरवर पडला. मागच्या वेळच्या म्हाताऱ्या बाई आज नव्हत्या. पाववाल्याने जाता जाता मागे वळून पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. मी आत गेले. किमती पाटीवर होत्या पण गल्ल्याचा खण कसा उघडतो ते कळेना, मग आल्या त्या नोटा आणि नाणी एका बशीत घेतली. सव्वा तासाने तो परत आला, केसांना चिखल. दूधवाल्याची गाडी खड्ड्यात गेली होती, माणूस ठीक होता. बशीतले पैसे मोजले तर साडेतीन पौंड कमी भरले. मी पर्स काढली, तर तो म्हणाला, "पहिल्या दिवशी माझे नऊ कमी भरले होते."